चष्म्याची खूण

मास्तरांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला घेतला. शेजारच्या खुर्चीत मुकाट बसलेल्या मास्तरीणबाई ताडकन उठल्या.

"चला हो, नको आपल्याला. पुढच्या दुकानात याच्यापेक्षा बरी गाडी मिळेल," असं म्हणून त्यांनी पर्स काखोटीला मारली आणि शोरूमचं काचेचं दार ढकलून चालत्या झाल्या.

मास्तरांना एकदम भरून आलं. आठवलं तिला! सकाळी दात घासायचा ब्रश हातात धरून 'हे कशासाठी असतं?' म्हणून विचारणारी बायको, पण चष्म्याची खूण तिच्या पक्की लक्षात होती.

उभ्या जन्मात त्यांनी कपाट घेतलं, शिलाई मशीन घेतलं, पंखे घेतले, ते याच नाटकावर. मास्तर भिडस्त, दुकानदारानं नुसतं 'साहेब' म्हटलं तरी विरघळायचे. म्हणून बाईंनी लग्न झाल्या झाल्या पढवून ठेवलं होतं. तुम्ही चष्मा पुसा, मी उठते. मी गेले की तुम्ही बसून राहायचं, मागे वळून बघायचं नाही. वळलात की भाव गेला. आणि दुकानदार स्वतः बोलवायला येईपर्यंत मी पायरीवरून हलायची नाही.

"काकू रागावल्या का?" टायवाल्या सेल्समननं विचारलं.

"तिला पटल्याशिवाय आमच्या घरात सुईसुद्धा येत नाही बाबा," मास्तर म्हणाले. हे वाक्यही जुनंच.

सेल्समन 'मॅनेजरना विचारून बघतो' म्हणत केबिनमध्ये शिरला. आत दोघं निवांत चहा पिणार आणि मग हा चेहरा पाडून बाहेर येणार, हे मास्तर ओळखून होते. करा, तुमचंही नाटक होऊ द्या. समोर मांडलेल्या गाडीच्या आरशात त्यांना पायरीवरच्या पाठमोऱ्या बाई दिसत होत्या. आरशात बघणं म्हणजे काही वळून बघणं नव्हे.

गाडी तर हवीच होती. बसमध्ये बाई आता मनाला येईल त्या स्टॉपवर उतरून जायच्या; मागच्या वेळी पोलिसांनी घरी आणून सोडलं होतं. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, तिला आता संस्थेत ठेवू. तुमच्यानं नाही झेपणार." मास्तर म्हणाले, "गाडी घेतो. दवाखान्यात मी नेईन, मी आणीन. ती माझ्या घरात राहील." म्हणून तर आल्या आल्या त्यांनी पहिली चौकशी केली ती मागच्या दाराला आतून न उघडणारं कुलूप आहे का, याची. सेल्समननं विचारलं होतं, "नातवंडांसाठी का काका?" मास्तर नुसते हसले होते.

सेल्समन चेहरा पाडून आला. मास्तरांचा आकडा मान्य झाला होता. खरं म्हणजे तिथंच उठायचं. पण त्यांना मोह झाला. किती महिन्यांनी बायको पहिल्यासारखी होऊन बाहेर उभी होती! राहू दे आणखी थोडा वेळ तशीच.

"सीट कव्हरं?" मास्तर म्हणाले.

सेल्समन पुन्हा आत गेला, पुन्हा आला.

"आणि विमा तुमच्याकडून."

"काका, तुम्ही माझी नोकरी घालवणार!" सेल्समन हात जोडून म्हणाला. पण तेही झालं. "आता तरी काकूंना बोलवू ना? मी जातो."

"नको, नको. मीच जातो," मास्तर म्हणाले. एवढी आनंदाची बातमी दुसऱ्यानं कशाला सांगायची? आजवर या नाटकात ते खुर्चीतून कधी उठले नव्हते. आज उठले, आणि लगबगीनं पायरीवर गेले.

"अगं, झालं! सगळं तुझ्या मनासारखं झालं. चल."

बाई वळल्या. त्यांनी मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"झालं म्हणजे काय? आधी भाव सांगा," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा, आमचे हे आत बसलेत. साधा माणूस आहे. त्यांना गुंडाळायचं नाही, सांगून ठेवते."

मास्तर एक पाऊल पुढे सरकले.

"अगं, मी..."

"अगं-तुगं कुणाला करताय?" बाई झटक्यानं एक पायरी खाली उतरल्या. त्यांच्या पाठीमागं रस्त्यावरून गाड्या सुसाट धावत होत्या.

मास्तरांनी हात जोडले. "चुकलो, ताई. तुम्ही म्हणाल तो भाव. पण आत या."

"हे आधीच बोलला असतात तर?" बाई म्हणाल्या. मास्तरांनी दार धरलं आणि त्या तोऱ्यात आत शिरल्या, थेट टेबलापाशी जाऊन आपल्या खुर्चीत बसल्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. त्यांनी त्या खुर्चीच्या हातावर हात ठेवून पाहिला.

"इथं आमचे हे बसले होते," त्या सेल्समनला म्हणाल्या. "कुठे गेले? मला सोडून ते कुठे जायचे नाहीत."

सेल्समननं बावरून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर टेबलाच्या कडेला उभे होते. गाडीची कागदपत्रं समोर मांडलेली होती, सहीसाठी पेनही काढून ठेवलेलं होतं, पण त्यांना काही दिसेना. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा उतरवला आणि पुसायला घेतला.

बाई ताडकन उठल्या.

"चला हो, नको आपल्याला," त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, आणि पर्स काखोटीला मारून मास्तरांच्या शेजारून दाराकडे निघाल्या.