शंभरावा पेपर

"पहिलं नाव माझंच राहील," डॉ. रघुवीर लिमये म्हणाले आणि चहात पुन्हा साखर घातली.

सुमेधा टेबलासमोर उभीच होती. परळच्या त्या हॉस्पिटलात, मानसोपचार विभागात, सरांनी सांगितल्याशिवाय कुणी बसत नसे.

"सर, या एकाच पेपरवर माझं नाव पहिलं असू दे. पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहे. तुमच्या हाताखाली इतकी वर्षं लिहितेय, पण माझं म्हणून दाखवायला एकही पेपर नाही. असोसिएट प्रोफेसर व्हायचं कसं?"

"होशील गं, स्पृहा. घाई कसली? हा माझा शंभरावा आहे. सत्कार ठरलाय."

स्पृहा तिच्या आधीची ज्युनियर. कंटाळून कॅनडाला गेली. सुमेधाने चूक दुरुस्त केली नाही. मोठ्या माणसांनी धाकट्यांची नावं लक्षात ठेवायची नसतात, आणि लिमये तर फारच मोठे. नव्व्याण्णव पेपर, सगळ्यांवर पहिलं नाव त्यांचं, त्यातले निम्मे त्यांनी उघडूनही पाहिलेले नाहीत. विभागाची रीतच तशी. लिहायचं ज्युनियरने, सही सरांची. शिवाय सरांची विमानाची तिकिटं, चष्म्याचा नंबर, वार्षिक तपासणीचं रक्त, पासपोर्ट, भाषणं, हेही ज्युनियरनेच बघायचं.

गाजलेला पेपर मात्र त्यांनी स्वतः लिहिला होता. लालबागच्या चाळीतला दौलत हळूहळू मुका होत चालला होता. लिमयांनी त्याला औषध दिलं नाही. नुसतं पाहिलं, टिपलं, शेवटचा शब्द जाईपर्यंत. त्याची बायको गंगुबाई दर खेपेला विचारायची, "डॉक्टर, ह्ये बोलतले मा?"

"बोलतील, बोलतील," लिमये म्हणायचे.

दौलत तसाच गेला. पण आज जगात कुणीही त्या आजारावर लिहायला बसलं, की लिमयांच्या पेपरचा हवाला दिल्याशिवाय त्याचं पान हलत नाही. हवाले अजून वाढताहेत. सर ते रोज सकाळी कॉम्प्युटरवर बघतात, लोक शेअरचे भाव बघतात तसे.

"केस कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"दुर्मीळ, सर. सुरुवातीपासूनची सगळी निरीक्षणं आहेत. पेशंट रोज नजरेसमोर होता."

"कारण सापडलं?"

"अगदी साधं निघालं. वेळेवर इंजेक्शनं दिली असती तर सुधारला असता."

"मग? दिली नाहीस ना?" लिमये एकदम सावरून बसले.

"नाही, सर."

"घरच्यांना?"

"कळू दिलं नाही. तुम्हीच शिकवलंत ना."

"शाब्बास!" सर मनापासून हसले. "अगं, बऱ्या झालेल्या पेशंटचा हवाला कोण देतो? हा पेपर दौलतच्याही पुढे जाणार बघ. म्हणून तर म्हणतो, पहिलं नाव माझंच."

सुमेधाला त्या क्षणी त्यांची दया आली असती, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तिला फक्त राग आला, जुना, मुरलेला.

"ठीक आहे सर. दोन सह्या हव्यात. इथे आणि इथे."

त्यांनी नेहमीप्रमाणे न वाचता सह्या केल्या. झोकदार, हिरव्या शाईत.

"चहा सांग गं जरा. सकाळपासून घेतला नाही."

तिने रिकामा कप उचलला आणि बाहेर आली.

संध्याकाळी ती निघायच्या तयारीत असताना ठाकूरद्वारहून मृणालिनीकाकूंचा फोन आला. सरांची बायको सुमेधाला लेकीसारखी मानायची.

"सुमेधा, अगं आज नाक्यावरच उभे राहिले होते. घर कुठलं तेच आठवेना. शेवटी वाण्याने हाताला धरून आणून सोडलं." काकूंना रडू आवरत नव्हतं. "दोन वर्षांपूर्वी तू रक्त तपासून आणलंस, त्यात खरंच काही नव्हतं ना गं? बरे होतील ना हे?"

"होतील काकू, होतील," सुमेधा म्हणाली.

फोन ठेवून तिने हिरव्या सहीचं संमतीपत्र पेपरला टाचलं. पेपरवर नाव एकटं तिचंच होतं. पेशंटचं नाव छापायचं नसतं.