गोरक्षसाठी थांबलेली जीप

गोरक्ष आल्याशिवाय जीप हलणार नाही, असं सुवर्णाताईंनी सगळ्यांना बजावलं होतं. आणि जीपच्या स्टीअरिंगवर गोरक्षच बसला होता.

बोरगावच्या फाट्यावर उभं राहून अर्धा तास झाला होता. नाशिकहून आलेली सात माणसं मागच्या सीटांवरून उतरून इकडेतिकडे पाय मोकळे करत होती. त्यांच्यातली तेजल रस्त्याकडेला बसलेल्या बाईकडून स्ट्रॉबेरी घेत होती. पुढे, ड्रायव्हरशेजारी, सुवर्णाताई एकट्या बसून होत्या.

ताई एका शाळेत ग्रंथपाल होत्या. निवृत्तीनंतर, पाच महिन्यांपूर्वी, त्यांनी व्हॉट्सॲपवर ‘पान आणि पायवाट’ नावाचा ग्रुप काढला. नियम एकच. आठवड्यात काय वाचलं आणि पायी कुठे हिंडलात, ते रविवारी लिहायचं. कुणीतरी फॉरवर्ड केलेली ती लिंक गोरक्षपर्यंत पोचली. तो वणी-सुरगाणा जीप चालवायचा. सवाऱ्या भरेपर्यंत स्टँडवर तास-दीड तास जायचा, त्या वेळात रद्दीवाल्याकडची जुनी पुस्तकं वाचायचा. ग्रुपमध्ये ओळख लिहायची वेळ आली, तेव्हा त्यानं आधी इतरांच्या ओळखी वाचल्या. डेंटिस्ट. इंजिनिअर. प्राध्यापिका. बराच वेळ विचार करून त्यानं लिहिलं, ‘वाहतूक व्यवसाय.’ त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग तो लिहू लागला. घाटातल्या धुक्याबद्दल, नागलीच्या शेतांबद्दल, जीप उभी करून चढलेल्या टेकड्यांबद्दल. एका कादंबरीची शेवटची वीस पानं फाटलेली निघाली, तर त्यानं स्वतःच तीन शेवट लिहून ग्रुपवर टाकले आणि कुठला बरा ते विचारलं. त्यावरून दोन दिवस भांडणं झाली. ‘कधी निघणार?’ याशिवाय दुसरं काहीतरी माणसं त्याला पहिल्यांदाच विचारत होती.

हातगडावर जायचं ठरलं, तेव्हा त्यानं कळवलं, ‘वणीहून जीप पाठवतो. मी बोरगावला भेटतो.’ वणी ते बोरगाव एवढ्या रस्त्यात आपणच गोरक्ष हे सांगून टाकू, असं त्याला वाटलं होतं. पण वणीला गाडीपाशी येताच ग्रुपमधल्या दीपकनं त्याच्या हातात बॅग दिली. “दादा, ही टपावर टाका. जपून हं, कॅमेरा आहे.” गोरक्षनं बॅग टाकली, वरून दोरी आवळली, आणि ओठांवर आलेलं वाक्य आत गेलं. मागे रस्ताभर त्याच्याबद्दलच बोलणं चाललं होतं. त्याचे ट्रक किती असतील, वय काय असेल, असं सुंदर लिहायला तो शिकला कुठे. गोरक्षचे कान तापले होते. सुवर्णाताईंनी एका झाडाचं नाव विचारलं, त्या झाडाबद्दल तेवढं तो भरभरून बोलला.

आता दीपकनं घड्याळ पाहिलं.

“ताई, ऊन चढायला लागलं. निघू या.”

“गोरक्ष येतो म्हणालाय.”

“फोन बंद आहे त्याचा. मोठी माणसं असतात ही, त्यांना आपल्या वेळेची काय किंमत! शब्द पाळायचा नसेल तर ग्रुपमध्ये ठेवायचं कशाला?” तो खिडकीशी वाकला. “दादा, तुम्ही त्यांचेच ड्रायव्हर ना? दुसरा नंबर आहे का त्यांचा?”

“नाय साहेब,” गोरक्ष म्हणाला. बंद केलेला फोन त्याच्या खिशात होता.

“तुम्हाला घाई असेल तर दुसरी जीप बघा,” सुवर्णाताई शांतपणे म्हणाल्या. “गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एवढ्या लांब मी पहिल्यांदाच आलेय. गड काय मला चढता येणार आहे? मी त्याला भेटायला आलेय. मी थांबते.”

दीपक पुटपुटत बाजूला झाला. गोरक्षनं स्टीअरिंग घट्ट धरलं. गप्प राहिलं, तर आज गोरक्ष ग्रुपमधून जाईल आणि ड्रायव्हर तेवढा राहील. बोललं, तर कदाचित उद्यापासून कुणी काही विचारणार नाही. पण ही म्हातारी बाई एवढ्या उन्हाची आपल्यासाठी बसलीय, आणि आपण तिच्यापासून हातभर अंतरावर आहोत.

“ताई,” तो म्हणाला. “गोरक्ष आलाय.”

दीपक वळला. त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. “कुठाय?”

“मीच हाय गोरक्ष.”

मग तेजल पलीकडच्या तिघांना हाका मारू लागली, “अहो, या लवकर, गोरक्ष आलेत!” दीपकचा चेहरा लालबुंद झाला. खिडकीतून हात आत घालत तो म्हणाला, “मी दीपक. तो दातांचा डॉक्टर.” गोरक्षनं आपला हात आधी पँटला पुसला आणि मग पुढे केला. सगळे एकदम बोलायला लागले.

फक्त सुवर्णाताई दचकल्या नव्हत्या. त्या नुसत्या हसत होत्या. गोरक्षनं त्यांच्याकडं पाहिलं आणि पाहतच राहिला.

“ताई, तुम्हाला ठाऊक होतं?”

“वणी सुटल्यावर त्या झाडाबद्दल ग्रुपवर लिहितोस तसंच बोललास, तेव्हाच कळलं.”

“मग हितं अर्धा तास कुणाची वाट बघत होता?”

“तुझीच,” ताई म्हणाल्या. “तू आपणहून नाव कधी सांगतोस, याची.”