बारावी सही

नकाशावर अकरा पुरुषांच्या सह्या चटाचट झाल्या. बारावी धुणेवालीची होती, आणि तिचं पेन काही पुढं सरकेना.

सुरुंग-तपासणीच्या समितीत एक तरी बाई हवी, असं युद्धबंदीच्या तहात लिहिलं होतं, म्हणून तिला बसवलेलं. अध्यक्ष होते शाळेचे मास्तर. त्यांनी आधीच समजावलं होतं, ताई, वाचायची दगदग नको, सही तेवढी करा. नकाशात नदीची वाट साफ दाखवली होती. सुरुंग नाहीत. उद्यापासून मुलं त्या वाटेनं शाळेत जाणार, त्यांत तिची लेकही.

साफ कसली, डोंबलाची! युद्धबंदीनंतरही तिथं सुरुंग पुरताना तिनं पाहिलं होतं, धुण्याच्या गाठोड्याआड जीव मुठीत धरून. पुरून घेणारा कमांडर आता सदस्य म्हणून तिच्या समोरच बसला होता. कबूल केलं तर त्याला फास. म्हणून तो गप्प. तिनं तेव्हाच बायकांच्या कानावर घातलं होतं. वाट बंद असली तरी पाण्यावाचून कुणाचं भागतं थोडंच? त्या जायच्याच, तीन ठिकाणं चुकवून. पुरुषांपाशी मात्र अळीमिळी गुपचिळी. विचारलं होतं कुणी?

तिचं घर कमांडरच्या माणसांना ठाऊक होतं.

"ही वाट साफ नाही," ती म्हणाली.

मास्तर म्हणाले, तपासणी झालीय, ताई. तिनं नकाशावर तीन फुल्या मारल्या.

"कुणी पुरले?" मास्तरांनी विचारलं.

कमांडर तिच्याकडे टक लावून बघत होता.

"खड्डे दिसले. माणूस नाही दिसला."

कमांडरनं नकाशा स्वतःकडे ओढला. संपलं सगळं, तिला वाटलं. मग त्यानं तिच्या हातातलं पेन घेतलं.

"तीन नाहीत," तो म्हणाला. "चार आहेत. चौथा मी नंतर पुरला."

फुली घाटाजवळच्या सपाट दगडापाशी पडली. त्याच दगडावर धुणं राखायला लेकीला बसवून ती सभेला आली होती.