बुटांचं खोकं

सून आंघोळीला गेली, बबडी झोपली, आणि सासूबाईंनी कचऱ्याची मोठी रिकामी पिशवी झटकून उघडली. सुनेला बाथरूममध्ये वीस मिनिटं लागतात, हे त्यांनी आठ दिवसांत बरोबर हेरून ठेवलं होतं.

नुसता कचरा! अंड्यांच्या ट्रेचा सुरवंट. टिश्यू पेपरच्या नळीचा हत्ती. दह्याच्या डब्यात तांदूळ भरून केलेला खुळखुळा. हत्तीची सोंड कधीच गळून पडली होती, पण ती टाकायची नाही, तीही एका वाटीत जपून ठेवलेली. साता समुद्रापार येऊन बिऱ्हाड थाटलं, पण पोरीला चार धड खेळणी आणता येत नाहीत. माहेरी काय भंगाराचं दुकान होतं का हिच्या?

सासूबाई मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या वॉर्डात खाटेखाली कापसाचा बोळा दिसला तर आयांची धडगत नसे. इथला पसारा तर त्यांना घरी असतानाच कळला होता. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला की स्क्रीनच्या कडेला तपकिरी काहीतरी दिसायचं. भिंतीला ओल आलीय, बघ जरा, असं त्यांनी सुनेला दोनदा सुनावलंही होतं. येऊन पाहिलं तर भिंती कोरड्या ठणठणीत. सासू येणार म्हणून घाईघाईने रंगवून घेतल्या असणार!

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण नात जवळ येत नव्हती.

आठ दिवस झाले. हात पुढे केला की बबडी आईच्या पायामागे. घास भरवायला जावं तर तोंड घट्ट मिटलेलं. फोनवर हीच कार्टी 'आजी, आजी' करून नाचायची, पापे द्यायची, आणि आता सदेह आजी समोर बसली तर ढुंकून बघत नव्हती. निघताना सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "बघाच तुम्ही, दोन दिवसांत माझ्या कडेवरून उतरायची नाही." ती बया आता रोज विचारते, कडेवरचा फोटो कधी पाठवताय? रोज नवी थाप कुठून आणायची? शिवाय रात्री अंथरुणावर पडलं की रडू येई ते वेगळंच.

सगळा या चिकटपट्टीचा प्रताप. पोरीला माणसं ओळखायला शिकवायची सोडून पुठ्ठे ओळखायला शिकवले.

फडताळाच्या खालच्या कप्प्यात बुटांचं एक खोकं होतं. पुढे चौकोनी भोक, त्याला जुन्या ओढणीच्या चिंधीचा पडदा, वर मार्करने काढलेली वाकडीतिकडी कौलं. आत डोकावून पाहिलं. काहीच नाही. रिकामं! "धन्य आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि पाय देऊन त्यांनी ते चपटं करून पिशवीत कोंबलं.

खाली रद्दीची गाडी उभीच होती. लिफ्टने जाऊन त्या पिशवी देऊन आल्या, हात धुतले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा समाधानाने चहा घेतला.

बबडी उठली ती तुरुतुरु थेट फडताळाशी गेली. खालच्या कप्प्यासमोर बसली. चिमटीत काहीतरी धरून बाजूला सारल्यासारखा हात केला.

"आजी," ती म्हणाली.

सासूबाईंनी कप तसाच बाजूला ठेवला. "अगं माझी बाय ती! आले गं, आले!" दुखरे गुडघे विसरून त्या जमिनीवर तिच्यासमोर बसल्या आणि हात पसरले. बबडीने दोन्ही हातांनी त्यांना बाजूला ढकललं. त्यांच्यामागचा रिकामा कप्पा तिला दिसत नव्हता. पुन्हा तिने चिमटी केली, पुन्हा हवा बाजूला सारली. "आजी! आजी!" आणि मग तिने भोकाड पसरलं.

सून केसांना टॉवेल गुंडाळून धावत आली. "आई, इथलं खोकं कुठंय?"

"ते रिकामं? दिलं गाडीत."

"रिकामं कुठलं, आई. त्यात तुम्ही होतात."

"मी?"

"फोन हातात दिला की ती आपटायची. म्हणून मी तो खोक्यात उभा करायचे. ही पडदा सारायची, की आत तुम्ही. तिच्या लेखी आजी तिथेच राहते."

"मग आल्याबरोबर सांगायचं नाही?"

"सांगायला आले होते. तुझं पुठ्ठापुराण बंद कर, म्हणालात."

सासूबाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. गाडी गेली होती. भिंतीला आलेली ती तपकिरी ओलही तिच्याबरोबरच गेली होती. इकडे बबडी कप्प्यात डोकं घालून आजीला हाका मारत होती, आणि आजी तीन हातांवर उभी होती.

"दुसरं खोकं आहे का घरात?" त्यांनी विचारलं.

"बुटांचं नाही. डायपरचं आहे."

"शी! आण तेच."

सुनेने खोकं आणलं, कात्री आणली. पडद्याला ओढणी उरली नव्हती. सासूबाईंनी पर्समधला इस्त्रीचा पांढरा रुमाल काढून तिच्यापुढे टाकला आणि नाक मुरडून बघत बसल्या. सुनेने पेन्सिलीने एक छोटा चौकोन आखला.

"तुला ना, काही म्हणजे काही धड करता येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "मोठी काप खिडकी. माझं तोंड काय मोबाइलएवढं आहे?"