पासवाले काका

म्हाताऱ्यांना बसचा मोफत पास मिळू लागला, तसे ते काका रोज शेवटच्या थांब्यापर्यंत येऊ लागले. ड्रायव्हरनं एकदा विचारलंच, "काका, रोज काय काम काढता इकडे?"

"समोरच्या शुश्रूषागृहात बायको आहे. एक बाजू लुळी पडलीय तिची, काठीच्या आधारानं जेमतेम चालते. पूर्वी तिकीट परवडायचं नाही, रविवारीच यायचो. आता तिला वाटतं, म्हातारपणी माझं प्रेम उतू चाललंय." काका हसले. "पासाचं बोलू नका हं कुठे."

मग आठवडाभर काका दिसलेच नाहीत. घसरून पडलेत, अंथरुणाला खिळलेत, असं त्यांच्या शेजाऱ्यानं बसमध्ये चढताना सांगितलं. त्या दिवशी शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली, तेव्हा शुश्रूषागृहाच्या फाटकाशी उभी असलेली म्हातारी काठी टेकत बसच्या दाराशी आली.

"हे आजही नाही आले?"

ड्रायव्हरच्या तोंडाशी थाप आली होती, पण तिच्याकडे बघून ती बाहेर पडेना. "घसरून पडलेत, आजी. आता त्यांच्यानं बसमध्ये चढवत नाही."

ती रडली नाही. उंच पायरीकडे बराच वेळ बघत राहिली. मग दांडा धरायला हात मोकळा हवा म्हणून तिनं काठी त्याच्यापुढे केली.

"ही धर जरा. मला चढायला वेळ लागेल."