आई गं

मंगळागौरीत फुगडी घालताना कालिंदीबाईंच्या खुब्याचा स्नायू फाटला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यात जिवंत धागा शिवला. “कशानं दुखतं ते तुमच्या कण्हण्यावरून हा शिकेल, आणि पुन्हा ती हालचाल तुम्हाला करू देणार नाही,” त्या म्हणाल्या होत्या. स्नायू छान सांधला. पण आता खुर्चीतून उठताच येईना.

“दुखतंय का?” सुनेने, ऋजुताने विचारलं.

“अजिबात नाही गं. पायच उठू देत नाही.”

“मग आई, उठताना दर वेळी ‘आई गं’ कशाला म्हणत होतात?”

कालिंदीबाईंची ती सवयच होती. त्यांची आई म्हणायची, आजीही म्हणायची. दुखण्याशी त्याचा संबंधच नव्हता. त्याशिवाय त्या घरातली एकही बाई कधी उठली नव्हती.

“उद्या धागा पक्का होणार. मग शिकलेलं पुसता येत नाही म्हणतात. आता तोंड मिटून उठा बघू,” ऋजुता म्हणाली.

त्यांनी ओठ घट्ट दाबले आणि गुडघ्यांवर हात टेकून जोर लावला. पाय किंचित हलला. ऋजुता हसली.

तेवढ्यात सवयीने ते दोन शब्द त्यांच्या मनातल्या मनात उमटले, आणि पाय दगडासारखा झाला.