हात दाखवला तर

कॉलेजच्या स्पर्धेसाठी काढलेलं उद्याच्या गाडीचं चित्र उर्वशीनं मोठ्या हौसेनं आईपुढे धरलं.

"यात ड्रायव्हरच नाही, आई. मोबाइलवर बोलावली की आपोआप दारात येते."

आईनं चित्र बराच वेळ न्याहाळलं. "अन् झरीच्या जंगलात रस्त्यावर कोणी हात दाखवला, तर थांबन का?"

"कायले थांबन? बुकिंग असन तरच थांबन."

"तुह्या वेळी मले कळा सुटल्या, तवा म्या असाच हात दाखवला होता. कोळशाचा ट्रक थांबला. ड्रायव्हरनं थेट वणीच्या दवाखान्यात नेलं. त्या घाईत बिचाऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं."

उर्वशीनं चित्र खाली ठेवलं. "मंग?"

"मंग काय, ट्रकच्या काचेवर जे नाव लिहिलं होतं, तेच तुले ठेवलं."